टर्नओव्हर कमी म्हणजे मॅच जिंकलीच का?

अमेरिकन फुटबॉलबद्दल एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, "ज्या टीमचे टर्नओव्हर कमी तीच जिंकते, बाकी आकडे बघूच नका." टर्नओव्हर म्हणजे खेळता खेळता चुकून बॉल समोरच्या टीमच्या हाती जाणं. आता कमी टर्नओव्हरवाली टीम बहुतेक वेळा जिंकते हे खरंच आहे, त्यामुळे कुणालाही पटणारच. पण गाडी बऱ्याचदा उलट दिशेनेही धावते. समजा चौथा म्हणजे शेवटचा क्वार्टर, 3 मिनिटं उरलीत, टीम 14 पॉइंटनी मागे, म्हणजे किमान दोन टचडाउन (बॉल समोरच्या टीमच्या टोकापर्यंत नेऊन केलेला स्कोअर) हवेत, बॉल हातात घेऊन पळत बसलं तर वेळ संपणार, मग क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) गर्दीतसुद्धा लांब पास टाकतो आणि इंटरसेप्शन होतं, म्हणजे तो पास समोरची टीमच पकडते. इथे हरत होते म्हणून बॉल गेला! फंबलचं, म्हणजे हातातून बॉल निसटण्याचं, तर अजूनच वेगळं, तो लांबट बॉल कुठे उडेल सांगता येत नाही, कुणाच्या हाती लागेल हे बरंचसं नशीबच. आणि चौथ्या डाउनला (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा) अडकलात तर बॉल जातोच, तरी टर्नओव्हरच्या नेहमीच्या आकड्यात तो धरत नाहीत.

चेक करायचंय? कुठल्याही मॅचचं प्ले-बाय-प्ले (प्रत्येक चालीची नोंद) उघडा, प्रत्येक टर्नओव्हरसमोर तेव्हाचा स्कोअर आणि उरलेला वेळ लिहा. शिवाय एखाद्या टीमचे अर्ध्या सीझनपर्यंतचे टर्नओव्हर पुढच्या अर्ध्याशी ताडून बघा, बऱ्याचदा चित्र बदललेलं असतं.