एम्बॉसिंग म्हणताय ते कुठलं, दाबायचं की वितळवायचं?

दिवाळी जवळ आली की हाताने ग्रीटिंग करणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी त्यात हा एक असतोच, "ड्राय एम्बॉसिंगसाठी कुठली पावडर घेऊ?" एम्बॉसिंग म्हणजे कागदावर उठावाची नक्षी किंवा अक्षरं, पण अहो, ड्राय एम्बॉसिंगला पावडर लागतच नाही. कुठलीच नाही. मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीने सोनेरी पावडरच्या दोन डब्या आणि नक्षीचा प्लास्टिक फोल्डर असं सगळं आणलं, फोल्डरमध्ये पावडर भुरभुरवली, मध्ये कागद घातला, वरून लाटणं फिरवलं आणि मग मला फोन, "ताई, सगळी पावडर गळून पडतेय गं, चिकटतच नाही." चूक तिची नव्हती. फोल्डर दाबायच्या कामाचा, पावडर वितळवायच्या कामाची, पण दुकानात दोन्ही वस्तू "एम्बॉसिंगचं सामान" म्हणून एकाच पिशवीत बांधून दिल्या होत्या, ती बिचारी काय करणार.

तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुम्हाला माहीतच आहे, नाव माहीत नसलं तरी. डिग्री सर्टिफिकेटवर किंवा नोटरीच्या कागदावर बिनशाईचा उठलेला गोल शिक्का असतो ना, बोट फिरवलं की लागतो, ते ड्राय एम्बॉसिंग. कागद दाबला, तो एका बाजूला उठला, संपलं. घरी करायचं तर स्टेन्सिल, म्हणजे आकार कापून काढलेला जाड कागद किंवा प्लास्टिक, कागदाच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टीने लावायचं, कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरायचा म्हणजे उजेडात आकार दिसतो, आणि मागून गोल टोकाच्या कशानेतरी कडा दाबत जायचं. विणायची सुई चालते, रिफिल संपलेलं बॉलपेन चालतं पण त्याने पातळ कागद फाटतो. मागच्या बाजूवर मेणबत्ती हलकी फिरवून घेतली की टोक छान सरकतं. स्टेन्सिल विकतचं नको असेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कव्हरातून कापा, दोन थर चिकटवलेत तर उठाव जास्त येतो. आणि अक्षरं करताय तर काम चालू असताना ती उलटी दिसली पाहिजेत, कारण तुम्ही मागून दाबताय. ब्रेल पाटीवर लिहिणारे याच कारणाने उजवीकडून डावीकडे टोचत जातात आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. एवढं लक्षात ठेवलंत की ड्राय एम्बॉसिंगबद्दल आणखी फार काही सांगण्यासारखं नाही.

दुसरं म्हणजे हीट एम्बॉसिंग. यात कागद स्वतः उठत नाही. चिकट, सावकाश वाळणाऱ्या शाईने रबरी शिक्का मारायचा, ती ओली असतानाच वर बारीक पावडर टाकायची, जादा पावडर झटकून परत डबीत घ्यायची, आणि उरलेली गरम हवेने वितळवायची. ती वितळून एकजीव होते आणि थंड झाली की कागदावर चकचकीत थर बसतो. लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं कधीकधी गुळगुळीत, चमकदार, फुगलेली असतात, ती बऱ्याचदा याच पद्धतीची असतात, छापखान्यात तिला थर्मोग्राफी म्हणतात.

आता खरी मेख. हातात कार्ड आलं की ते यातलं कुठलं हे कसं ओळखायचं? पाठ बघा. फक्त पाठ बघा. मागे खड्डा असेल तर ड्राय, पाठ सपाट असेल तर हीट. घरातल्या जुन्या पत्रिका काढा, गिरगावात कांदेवाडीला पत्रिका बघायला जाल तेव्हा तिथेही हेच करून बघा. बऱ्याच पत्रिकांवर दोन्ही असतं, वरचा गणपती कागद दाबून उठवलेला आणि खालची नावं थर्मोग्राफीची. गणपतीच्या मागे बोट फिरवा, सोंडेची पोकळी लागते, नावांच्या मागे काहीच लागत नाही. हे एकदा बोटाला कळलं की पुन्हा गोंधळ होणार नाही याची मी खात्री देते.

म्हणजे एका प्रकारात कागदच उंच झालाय आणि दुसऱ्यात कागदावर दुसरं काहीतरी चढवलंय. ड्राय हा शब्द इथेच फसवतो. माणूस डबी उघडून बघतो, आत कोरडी पावडर दिसते, मग त्याला वाटतं हेच ते ड्राय. तसं नाही. ड्राय म्हणजे शाई नाही, पावडर नाही, काहीच लावायचं नाही, नुसता कागद आणि दाब. उलट पावडरवालं काम ओल्या शाईशिवाय होतच नाही. मी शिकवताना ड्राय आणि हीट हे शब्दच टाळते, "दाबायचं" आणि "वितळवायचं" असं म्हणते, आणि तेव्हापासून चुकीचं सामान घेऊन कोणी आलेलं नाही.

हे नीट डोक्यात बसलं नाही की पुढचं सगळं चुकत जातं. ऑफिसातल्या जांभळ्या स्टॅम्प पॅडवर शिक्का मारतात आणि पावडर धरत नाही म्हणून रडतात. ती शाई कागदात मुरते, पावडर आणेपर्यंत वाळलेली असते, मग चिकटणार कशाला? पिगमेंट शाई घ्या, किंवा एम्बॉसिंगची पारदर्शक शाई घ्या, ती कागदाच्या वर ओली राहते. कोऱ्या पॅडवर ग्लिसरीनचे थोडे थेंब मुरवूनही काम भागतं. तसंच गरम हवा. लोकांना वाटतं ती शाई वाळवायला असते, म्हणून हेअर ड्रायर घेतात. ती हवा पावडर वितळवायला असते! त्यासाठी साधारण १५० ते १८० डिग्री सेल्सिअस लागतं, ड्रायरची हवा सहसा १०० च्या आतच राहते आणि जोर एवढा की सगळी पावडर टेबलभर उडते. याच कामासाठी मिळणाऱ्या गरम हवेच्या यंत्राची, म्हणजे हीट गनची, हवा कमी जोराची पण खूप गरम असते. आधी दहा सेकंद बाजूला चालू ठेवून तापवून घ्या, मग कागदापासून चारेक बोटं वर धरा आणि नजर हलवू नका. आधी साखरेसारखे निस्तेज कण दिसतात, मग एका टोकाला कुठेतरी चमक येते आणि ती चमक रेघेवरून सरकत जाते, जिथे पोचली तिथून गन लगेच पुढे न्यायची. थांबलात तर पावडर जास्त शिजते, उठाव खाली बसतो आणि कागदावर तेलकट डाग येतो. गन नसेल तर तापलेल्या इस्त्रीला कागदाची पाठ टेकवून वितळवता येतं, पण बोटं सांभाळून. आणि पंखा बंद करा, हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विसरतंच. शिक्का मारायच्या आधी कागदावर टाल्कम पावडर हलकी फिरवून पुसून टाका, नाहीतर हाताचा घाम लागलेल्या जागी सोनेरी ठिपके बसतात, पावसाळ्यात तर हमखास.

कागदाचं थोडक्यात सांगते. दाबायच्या कामाला लांब तंतूंचा कागद लागतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथे कापडाच्या चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो, तो २०० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या, वळतो पण तडकत नाही. तोच खडबडीत कागद वितळवायच्या कामाला मात्र वाईट, कारण बारीक रेघांची शाई खळग्यांत पोचत नाही आणि नक्षी तुटक येते. तिथे गुळगुळीत कार्डशीटच हवं.

आणि कृपा करून गोंदावर चमकी टाकून त्याला एम्बॉसिंग म्हणू नका. चमकी वितळून एकजीव होत नाही, ती पुढे सहा महिने घरभर सापडत राहते. रांगोळी टाकून गरम करू का असंही विचारतात, रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती या गनने कशी वितळेल? फुगणारे रंग ट्यूबमधून काढायचे, ते तिसरंच प्रकरण, लहान मुलांना आवडतात, मला नाही आवडत. मुलांच्या हातात गनही देऊ नका, त्यांना खिडकीशी बसवून दाबायचं काम द्या, तासभर रमतात.

मला स्वतःला विचाराल तर नावं आणि शुभेच्छा वितळवून, कारण देवनागरीच्या बारीक मात्रा आणि अनुस्वार दाबून नीट उठत नाहीत. पण चित्र मात्र दाबूनच, आणि तेही पांढऱ्यावर पांढरं. मी दरवर्षी एकच पणती करते, वर ज्योत, बाकी कार्ड कोरं. समोरून बघितलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही, दिव्याजवळ तिरकं धरलं की एका कडेला सावली पडते आणि पणती वर येते. लोक याला साधं म्हणतात, सोनेरी करा म्हणतात, मी करत नाही.

पाठवताना पणतीवर थेट जाड पुठ्ठा ठेवू नका, उठाव चेपतो. आकारापेक्षा मोठं भोक पाडलेली पट्टी चारी बाजूंनी ठेवा आणि मग पाकीट बंद करा. वितळवलेल्या अक्षरांना याची गरज नाही, फक्त घडीच्या रेघेवर अक्षर येऊ देऊ नका, थर तडकतो.