रोड बाइकचा टायर: किती झिजला म्हणजे झिजला?

मोटारसायकलचा टायर गोटा झाला की बदलायचा, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तीच नजर रोड बाइकला, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात चालवायच्या अरुंद टायरच्या सायकलला, लावली की दोन्हीकडून फसगत होते. नवाकोरा टायर गुळगुळीत दिसतो म्हणून उगाच शंका येते, आणि खरंच संपलेला टायर ‘कडेला आहे की अजून नक्षी’ म्हणत पन्हाळ्याचा उतार उतरत राहतो.

आधी नक्षीचा विषय मिटवू. मोटारीच्या टायरला खाचा लागतात, कारण तो रुंद आणि सपाट असतो. वेगात त्याच्याखालचं पाणी बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर गाडी पाण्यावर तरंगते. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि कडक हवेचा. विमानाच्या टायरसाठी जे सूत्र वापरतात ते 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला लावून पाहिलं, तर तरंगायला ताशी सुमारे 150 किमी वेग लागतो. भर जुलैत गगनबावड्याला जाणाऱ्यानेही ही काळजी सोडून द्यावी. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती रबराच्या मऊपणामुळे, आणि म्हणूनच जुनाट, कडक झालेला टायर नक्षी शाबूत असूनही घसरतो.

टायरचा जीव असतो रबराखालच्या कापडात. नायलॉनच्या बारीक धाग्यांचे तिरके थर एकमेकांवर बसवलेले असतात, त्यावर रबर. हवेचा दाब हे धागे पेलतात. रबराला ते जमणारं नाही, ते नुसतं फुग्यासारखं ताणलं जाईल. हिशोब सोपा आहे. 80 पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे 5.6 किलो, आणि 28 मिमी टायरची त्रिज्या 1.4 सेमी. दोन्हींचा गुणाकार केला की टायरच्या दर सेंटीमीटर लांबीला धाग्यांवर जवळपास 8 किलोचा ताण येतो, तोही सायकल भिंतीला टेकवून उभी असताना. बसल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर धाग्यांना मिळणारे दणके निराळेच. रबराचं काम या धाग्यांना रस्त्यापासून वाचवायचं. म्हणून टायर बदलायचा की नाही, हा प्रश्न खरं तर ‘धागे अजून झाकलेले आणि अखंड आहेत का’ असा आहे.

हे बघायला चाक काढायची गरज नाही. सायकल उलटी करा, टायर ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण हवा असताना मागून, डोळ्याच्या रेषेत बघा. नव्या टायरचा माथा गोल असतो. झिजत गेला की मध्ये सपाट पट्टा पडतो आणि त्याच्या दोन्ही कडांना बोटाला जाणवेल अशी धार येते. वळणावर सायकल कलली की टायर या धारेवरून पलीकडे जातो, तेव्हा हँडल एकदम आत ओढल्यासारखं वाटतं. धार हाताला स्पष्ट लागत असेल तर नव्या टायरसाठी पैसे बाजूला काढून ठेवा.

बऱ्याच कंपन्या मध्यरेषेवर छोटे गोल खळगे ठेवतात. कॉन्टिनेंटलच्या अनेक रोड टायरवर असे खळगे दिसतात. टाचणीच्या डोक्याएवढे असतात आणि त्यांत माती भरली की दिसेनासे होतात, त्यामुळे सुईच्या टोकाने उकरून मगच निर्णय घ्या. तळ वरच्या रबराच्या पातळीला आला, म्हणजेच खळगा उरला नाही, की टायर संपला. मध्यरेषेवर कापडासारखा पोत किंवा वेगळ्या रंगाची पट्टी डोकावत असेल, तर त्याच्याही पुढची वेळ आली. ती पट्टी म्हणजे पंक्चर रोखणारा थर किंवा खुद्द धागे. त्या टायरवर घाट उतरायचा नाही. रंकाळ्याला एक फेरीसुद्धा नको.

आता चिरा. यासाठी हवा 20-30 पीएसआयपर्यंत उतरवा, म्हणजे टायर अंगठ्याने दुमडता येतो आणि चिरेचं तोंड उघडतं. आत काच किंवा खडी असेल तर टोकदार चिमट्याने काढा, कारण ती तिथेच थांबत नाही. प्रत्येक फेऱ्याला दाबली जाऊन हळूहळू आत सरकते आणि शेवटी ट्यूबपर्यंत पोचते. चिरेच्या तळाशी काळं रबरच दिसलं तर टायर चालेल. धागे दिसले पण अखंड असले तर खडूने खूण करा आणि दर आठवड्याला बघा. धागे तुटले असतील, किंवा पूर्ण हवा भरल्यावर तिथे छोटीशी पुटकुळी उठत असेल, तर टायर त्याच दिवशी उतरवा. पुटकुळीचा अर्थ आतली ट्यूब बाहेर पडायला वाट शोधते आहे. चाक फिरवून ब्रेकजवळ नजर ठेवली की हा फुगवटा वर-खाली उडताना दिसतो. तसा उडणारा टायर कधी कधी फक्त रिमवर नीट बसलेला नसतो, तेव्हा हवा सोडून कडा पुन्हा बसवून एकदा खात्री करा.

कोल्हापूरच्या रस्त्यांवर चिरा पाडणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या चिंध्या पडलेल्या असतात. त्यांतल्या पोलादी तारा केसासारख्या बारीक असतात, टायरमध्ये घुसल्या तर बाहेरून दिसत नाहीत. पंक्चर काढलं, पुन्हा झालं, तेही त्याच जागी, तर समजा तार आतच आहे. टायर पूर्ण उतरवा आणि आतल्या बाजूने कापूस फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे तार. उद्यमनगरच्या गल्ल्यांत लेथवरचा लोखंडी चुरा, मळ्यांच्या वाटेवर बाभळीचे काटे, हे तर आहेच. पावसाळ्यात चिरा वाढतात, कारण पाणी वंगणाचं काम करतं आणि काच ओल्या रबरात सहज शिरते. भिजून आल्यावर दोन मिनिटं टायर पुसून बघण्याची सवय ट्यूबांवरचा पुष्कळ खर्च वाचवते.

एका महिन्यात तीन-चार पंक्चर होऊ लागली आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं निघालं, तर नशिबाला दोष देऊ नका. रबर पातळ झाल्यामुळे आधी जे अडत होतं ते आता आरपार जातंय.

किलोमीटरचा आकडा विचारला जातोच. सर्वसाधारण रोड टायर मागच्या चाकावर 3000 ते 5000 किमी जातो, शर्यतीचा हलका टायर त्याआधीच संपतो, रोजच्या वापराचा जाड टायर बराच जास्त टिकतो. पण वजन, हवा आणि रस्ता यांनी हा आकडा सहज बदलतो. एकदा मागचा ब्रेक करकचून चाक घसरवलंत तर एकाच जागी चट्टा पडतो आणि उरलेला टायर नवा असूनही बाद होतो. पावसात घरी ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक रोलरवर फिरवणाऱ्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांनीही जपावं. रोलरच्या उष्णतेने आणि घर्षणाने मधला पट्टा भराभर खाल्ला जातो. त्यासाठी जुना, पण न चिरलेला टायर वेगळा ठेवा, आणि तो परत रस्त्यावर आणू नका.

मागचा टायर पुढच्याच्या दुपटीहून लवकर झिजतो. साधारण 60 टक्के वजन मागे असतं, शिवाय पॅडलचा सगळा जोर तिथूनच रस्त्यावर उतरतो. म्हणून काहीजण झिजलेला मागचा टायर पुढे आणि पुढचा मागे करतात. हे कधीही करू नका. मागचा टायर फुटला तर सायकल हेलकावते, पण बहुतेकदा सावरता येते. पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही. वाघबीळच्या उतारावर ताशी 50 किमीला तो फरक हाडं मोडण्याइतका मोठा आहे. मागचा संपला की पुढचा मागे घ्या आणि नवा पुढे बसवा. चांगला टायर नेहमी पुढे.

कमी चाललेला टायरही जातो. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या रेणूसाखळ्या तोडतो आणि बाजूला बारीक भेगा पडतात. कंपन्या रबरात मेणासारखे पदार्थ घालतात. टायर फिरत राहिला की ते पृष्ठभागावर येऊन संरक्षण देतात, वर्षभर उभ्या सायकलमध्ये ते घडत नाही. त्यात हवा कमी ठेवून उभी केली तर टायर एकाच जागी दुमडून राहतो आणि भेगा तिथूनच सुरू होतात. ठिणग्या टाकणाऱ्या विजेच्या मोटरजवळ (तिथे ओझोन तयार होतो) किंवा उन्हाच्या गॅलरीत सायकल ठेवू नका. रबरापुरत्या केसासारख्या भेगा चालतात. दुमडल्यावर आत धागे दिसले की नाही चालत. दुकानात खिडकीत टांगलेला टायर घेतानाही असाच दुमडून बघा, आणि आपल्या सायकलच्या टायरवरचा आकडा, समजा 28-622 (रुंदी आणि रिमचा व्यास, मिमीमध्ये), जुळवून घ्या. बाजूवर बाण असेल तर बसवताना तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेने हवा. तारीख मार्करने टायरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

उतरवलेला टायर टाकण्याआधी त्याच्या बाजूच्या पातळ भागातून 5 सेमी लांबीचा तुकडा कापा, कडेची तार काढून टाका आणि तुकडा सॅडल बॅगेत ठेवा. वाटेत टायर मोठा चिरला तर तो आतून, ट्यूब आणि चिरेच्या मध्ये ठेवायचा, नेहमीपेक्षा कमी हवा भरायची आणि सावकाश घरी यायचं.