खाजगी वर्तन व शिस्तभंग (लोकसेवकांचे)

लोकसेवकाने कामाच्या वेळेबाहेर, कार्यालयाबाहेर आणि पदाचा अधिकार न वापरता केलेल्या कृत्याबद्दल शासनाने किंवा अन्य सार्वजनिक नियोक्त्याने चालवलेली शिस्तभंगाची कारवाई. दारू पिऊन घातलेला गोंधळ, दुसरा विवाह, थकवलेले कर्ज, विवाहबाह्य संबंध, राजकीय सभेतील हजेरी आणि अलीकडे समाजमाध्यमांवरील मजकूर ही तिची नेहमीची निमित्ते होत. लाचलुचपत आणि कार्यालयातील लैंगिक छळ यांचा पदाशी किंवा कामाच्या ठिकाणाशी थेट संबंध असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पूर्वपीठिका : अधिकाऱ्याच्या खाजगी आयुष्यावर राज्यसंस्थेने नजर ठेवण्याची प्रथा जुनी आहे. प्राचीन रोममध्ये सेन्सॉर हा अधिकारी सिनेटच्या सदस्यांची यादी तपासताना त्यांचे राहणीमानही पाहत असे. इ. स. पू. २७५ मध्ये पब्लियस कॉर्नेलियस रुफिनस या माजी कॉन्सलला (रोमच्या सर्वोच्च पदावरील अधिकाऱ्याला) सिनेटमधून वगळण्यात आले. घरात सुमारे दहा पौंड वजनाची चांदीची भांडी बाळगली, हा त्याचा दोष. भारतीय परंपरेत कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘उपधा’ (गुप्त परीक्षा) प्रकरणाकडे बोट दाखवले जाते. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथे शतक ते इ. स. तिसरे शतक असा दूरदूर मांडला जातो. आजची संहिता टप्प्याटप्प्याने सिद्ध झाली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पहिल्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायात अमात्यांची धर्म, अर्थ, काम आणि भय या चार मार्गांनी गुप्तपणे परीक्षा घ्यावी असे सांगितले आहे. कामोपधेत विश्वास संपादन केलेली एक परिव्राजिका (संन्यासिनी) अमात्याला गाठते आणि राणीचे मन तुमच्यावर जडले आहे, असे सांगते. जो नकार देतो तो शुद्ध ठरतो. (राजाने स्वतःला किंवा राणीला अशा परीक्षेचे लक्ष्य करू नये, अशी पुस्ती कौटिल्यच पुढे जोडतो.) मात्र कोणत्या परीक्षेत उतरलेल्याला कोणते काम द्यावे, हे तेथे वेगवेगळे सांगितले आहे. अर्थोपधेत शुद्ध ठरलेला महसूल व कोठारावर, कामोपधेत शुद्ध ठरलेला विहारस्थळांच्या रक्षणावर, भयोपधेत शुद्ध ठरलेला राजाच्या निकटच्या कामावर नेमावा. सगळ्याच परीक्षांत नापास झालेल्याला घरी पाठवलेले नाही. त्याची रवानगी खाणी, अरण्ये आणि कारखान्यांवर होते. दोष आणि पद यांची सांगड घालण्याचा हा विचार आधुनिक न्यायालयांच्या कसोटीच्या जवळ जातो. तथापि उपधा ही विशिष्ट कामावर नेमण्यापूर्वीची पारख आहे, शिस्तभंगाची प्रक्रिया नव्हे; आजच्या नियमांची वंशावळ तेथपर्यंत नेणे धाडसाचे ठरेल.

‘अशोभनीय वर्तन’ या संकल्पनेचे मूळ : आजच्या भारतीय नियमांतील हा सर्वांत व्यापक आरोप. त्याचा उगम तीन ठिकाणी शोधता येतो. पहिले ठिकाण ईस्ट इंडिया कंपनीचे करारनामे. नजराणे स्वीकारण्यावर बंदी घालणारे करारनामे क्लाइव्हने १७६५ मध्ये बंगालमधील नोकरांकडून लिहून घेतले. पण त्यांचा रोख पैशाच्या व्यवहारावर होता. चारित्र्याचा प्रश्न त्यांत दुय्यम दिसतो. दुसरे ठिकाण ब्रिटिश लष्करी कायदा. अधिकाऱ्याला व सभ्य गृहस्थाला न शोभणारे वर्तन हा तेथे स्वतंत्र अपराध होता आणि भारताच्या लष्करी अधिनियम, १९५० च्या कलम ४५ मध्ये तो आजही आहे. तिसरे ठिकाण मालक-नोकर संबंधांविषयीचा इंग्लिश कायदा. ‘पिअर्स विरुद्ध फॉस्टर’ (१८८६) या खटल्यात व्यापारी पेढीच्या विश्वासातल्या कारकुनाने शेअर बाजारात स्वतःच्या नावे मोठा सट्टा केला होता. पेढीचा एक पैसाही त्याने घेतला नव्हता. तरीही मालकाच्या हिताला किंवा लौकिकाला बाधा आणील असे वर्तन कामाबाहेर घडले असले तरी बडतर्फीला पुरेसे आहे, असे न्यायालयाने ठरवले. शब्दकळा लष्करी कायद्याशी जुळत असली, तरी भारतीय न्यायालयांनी प्रत्यक्षात आधार घेतला तो या तिसऱ्या परंपरेचा. ‘एस. गोविंद मेनन विरुद्ध भारत सरकार’ (१९६७) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पिअर्स खटल्याचाच हवाला दिला. कृत्य शासकीय कर्तव्य बजावतानाच घडलेले असले पाहिजे असे नाही. त्या कृत्यामुळे सेवकाच्या सचोटीविषयी किंवा कर्तव्यनिष्ठेविषयी शंका उत्पन्न होते की नाही ते पाहावे, असा त्याचा आशय आहे.

भारतीय नियम : संविधानाच्या अनुच्छेद ३०९ नुसार केंद्र व राज्ये सेवाशर्तींचे नियम करतात, तर अनुच्छेद ३११ चौकशीवाचून बडतर्फ होण्यापासून संरक्षण देतो. भ्रष्टाचार प्रतिबंधाविषयीच्या संथानम समितीच्या काळात केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आले. त्यांतील नियम ३ सचोटी, कर्तव्यनिष्ठा आणि अशोभनीय वर्तन टाळणे या अपेक्षा सेवकावर ‘सदैव’ लादतो. सायंकाळी घरी गेलेला कर्मचारी नियमांच्या कक्षेत राहतो तो या एका शब्दामुळे. याखेरीज राजकीय सहभाग (नियम ५), दिवाळखोरी व सततचा कर्जबाजारीपणा (१७), विवाह (२१) आणि मादक पेये (२२) यांसाठी स्वतंत्र नियम आहेत. महाराष्ट्रात महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असून त्यांची रचना बहुतांशी अशीच आहे.

अनुबंधाची कसोटी : कृत्य आणि नोकरी यांच्यात कितपत नाते हवे, या प्रश्नावर निर्णयांचे दोन प्रवाह दिसतात. ‘टाटा ऑइल मिल्स’ खटल्यात (१९६४) कारखान्याबाहेर दोन कामगारांत झालेले निव्वळ खाजगी भांडण शिस्तभंगाला पुरेसे नाही, नोकरीशी तर्कसंगत संबंध दिसला पाहिजे, असे सांगण्यात आले. त्या प्रकरणातील मारहाण मात्र कामाशी निगडित ठरली. ‘ए. एल. कालरा’ (१९८४) प्रकरणात घरबांधणी व वाहनासाठी घेतलेल्या अग्रिमाच्या (आगाऊ रकमेच्या) हिशेबावरून सार्वजनिक उपक्रमातील अधिकाऱ्याला काढले होते. उच्च नैतिक वर्तनाची मोघम अपेक्षा म्हणजे गैरवर्तणूक नव्हे, ती नियमात नेमकी नमूद असली पाहिजे, असे म्हणत न्यायालयाने कारवाई रद्द केली. उलट बाजूला ‘दया शंकर विरुद्ध अलाहाबाद उच्च न्यायालय’ (१९८७) आहे. एलएल.एम.च्या परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या न्यायिक अधिकाऱ्याला सेवेतून काढणे योग्य ठरले. न्यायासनावर एक आणि बाहेर दुसरे असे दोन मापदंड त्याला ठेवता येत नाहीत. हे निर्णय वरकरणी विसंगत वाटतात, पण पदाचे स्वरूप लक्षात घेतले की विसंगती बरीच ओसरते. परीक्षेतील लबाडी न्यायाधीशाच्या कामाच्या गाभ्यालाच भिडते. मोघम अपेक्षेवर उभा केलेला आरोप असे काही सांगत नाही. विभागांतील दोषारोपपत्रे मात्र हा दुवा क्वचितच मांडतात, नियम ३ चा उल्लेख करून थांबतात.

विवाह व लैंगिक वर्तन : पहिली पत्नी हयात असताना परवानगीवाचून दुसरा विवाह करण्यास मनाई करणारा उत्तर प्रदेशचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ‘खुर्शीद अहमद खान’ (२०१५) प्रकरणात वैध ठरवला, व्यक्तिगत कायद्यात मुभा असली तरी नियम आड येतो. संमतीच्या संबंधांबाबत चित्र बदलते आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील एका मराठीच्या प्राध्यापकाचे त्यांच्या घरात शिरून चित्रण केले गेले आणि त्यावरून त्यांना निलंबित करण्यात आले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१० मध्ये निलंबनाला स्थगिती दिली. खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरवणारा पुट्टस्वामी निर्णय (२०१७) आणि व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द करणारा जोसेफ शाइन निर्णय (२०१८) यांनंतर अशा कारवायांचा पाया कमकुवत झाला. सशस्त्र दले त्याला अपवाद आहेत : जोसेफ शाइन निर्णयामुळे लष्करी शिस्तभंगाच्या कारवाईला बाध येत नाही, असा खुलासा घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये केला.

कार्यपद्धती : विभागीय चौकशीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोठे झुकते एवढे पाहिले जाते. त्यामुळे फौजदारी खटल्यातून सुटलेला कर्मचारीही चौकशीत दोषी ठरू शकतो. ४८ तासांहून अधिक काळ अटकेत राहिल्यास निलंबन मानीव असते, म्हणजे ते आपोआप झाल्याचे धरले जाते. फौजदारी न्यायालयात दोषसिद्धी झाली, तर अनुच्छेद ३११(२) च्या परंतुकामुळे (अपवादाच्या तरतुदीमुळे) नेहमीची चौकशीही आवश्यक राहत नाही. दोषसिद्धीवरून नोकरी जाण्याचा अतिरेक ‘पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ (१९९६) या प्रकरणात दिसतो : भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ (सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य) खाली झालेल्या २० रुपये दंडावरून नोकरी गेली होती. एवढ्याने नैतिक अधःपतन सिद्ध होत नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ दंडाच्या शिक्षांबाबत संसदेने विचार करावा असेही सुचवले.

अन्य देश : अमेरिकेत १९१२ च्या लॉइड-लाफॉलेट अधिनियमाने संघराज्याच्या सेवकाला काढण्यासाठी ‘सेवेची कार्यक्षमता’ हे कारण आवश्यक केले. ‘नॉर्टन विरुद्ध मेसी’ (१९६९) या खटल्यात समलैंगिक वर्तनाच्या कारणाने नासातून काढलेल्या अंदाजपत्रक विश्लेषकाच्या बाजूने निकाल लागला. कृत्याचा कार्यक्षमतेवर होणारा परिणाम नियोक्त्याने दाखवला पाहिजे, हे तत्त्व तेथून रुजले. ‘सॅन डिएगो विरुद्ध रो’ (२००४) मध्ये मात्र पोलिसी गणवेश वापरून केलेल्या अश्लील चित्रफिती विकणाऱ्या अधिकाऱ्याची बडतर्फी टिकली. जर्मनीत संघीय सेवक अधिनियमाच्या कलम ७७ नुसार कामाबाहेरचे वर्तन पदावरील विश्वासाला विशेष प्रमाणात धक्का देण्याजोगे असेल तरच शिस्तभंग ठरते. सुटीच्या वेळी एकदाच मद्यपान करून गाडी चालवणे सर्वसाधारणपणे त्यात बसत नाही, असे तेथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने २००० मध्ये ठरवले.

अभिव्यक्ती व राजकारण : ‘कामेश्वर प्रसाद’ (१९६२) या निर्णयात शासकीय सेवेत शिरल्याने मूलभूत हक्क सुटत नाहीत, असे सांगून निदर्शनांवरील सरसकट बंदी रद्द झाली, संपाचा हक्क मात्र मान्य झाला नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यक्रमांत भाग घेण्यावर १९६६ च्या परिपत्रकाने असलेली मनाई केंद्राने जुलै २०२४ मध्ये उठवली. समाजमाध्यमांबाबत त्रिपुरा उच्च न्यायालयाने ‘लिपिका पॉल’ (२०२०) प्रकरणात राजकीय सभेला नुसते हजर राहणे आणि सभेत भाग घेणे यांत फरक केला व फेसबुकवरील मजकूर राजकीय प्रचार ठरत नसल्याचे मानले. इतरांचा मजकूर पसंत करणे, पुढे पाठवणे किंवा बंद गटात लिहिणे यांचा उल्लेख १९६४ च्या नियमांत असणे शक्यच नव्हते; अशा प्रकरणांत शिस्तभंगविषयक प्राधिकारी आजही बहुधा नियम ३ कडेच वळतो.