सिंगल बोर्ड संगणकावरचे घरगुती प्रयोग (बेळगाव सीमाभाग)

तळहातावर मावेल अशा एकाच बोर्डावर प्रोसेसर, मेमरी आणि सगळ्या जोडण्या असलेला स्वस्त संगणक घेऊन घरच्या उपयोगाची किंवा निव्वळ हौसेची यंत्रणा उभी करण्याचा छंद. बेळगाव शहर (२०१४ पासून शासकीय नाव बेळगावी) आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी घरांत तो बहुधा इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाच्या दप्तरातून येतो. मुलगा नोकरीला पुण्या-बेंगळूरला गेला की बोर्ड मागे उरतो आणि वडील, काका किंवा शेजारचे निवृत्त फिटर तो हातात घेतात. इंग्रजी पुस्तकांत या बोर्डावरचे पहिले प्रयोग म्हणजे जुने व्हिडिओ गेम, टीव्हीला जोडलेला सिनेमांचा साठा, नाहीतर इंटरनेटवरच्या जाहिराती गाळणे. ते इथेही होतात. पण वर्षानुवर्षे चालू राहिलेला बोर्ड बघायचा तर जिना चढून गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी जावे. नळाला पाणी कधी येणार आणि करंट कधी जाणार, या दोन प्रश्नांभोवतीच इथला छंद फिरतो.

बोर्ड कोणते : या जातीतला सर्वांत माहितीचा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना स्वतः प्रोग्रॅम लिहिण्याची सवय उरली नाही, या काळजीतून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आखला. १९८१ चा बीबीसी मायक्रो हा शाळा-शाळांत पोचलेला संगणक त्यांच्या डोळ्यांपुढे होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्री सुरू झाली तेव्हा किंमत ३५ डॉलर आणि मेमरी २५६ एमबी होती. २०१४ च्या सुधारित आवृत्तीपासून बाहेरची उपकरणे जोडायला ४० पिना मिळाल्या, २०१५ मध्ये ५ डॉलरचा झीरो हा छोटा बोर्ड आला, २०१६ च्या तिसऱ्या पिढीत वायफाय बोर्डावरच बसले. पुढे २०१९ आणि २०२३ च्या पिढ्या इतक्या ताकदीच्या निघाल्या की टाकीचे पाणी मोजायला त्या वापरणे म्हणजे चिमणी मारायला तोफ. म्हणून गच्चीवर झीरो किंवा कुणाचा तरी जुना बोर्डच दिसतो.

आर्डुइनो (२००५) आणि ईएसपी३२ (२०१६) यांनाही लोक सरसकट ‘बोर्ड’च म्हणतात, पण ते संगणक नव्हेत, मायक्रोकंट्रोलर आहेत. त्यांच्यावर लिनक्ससारखी संगणक चालवणारी प्रणाली चालत नाही. दिलेला एकच प्रोग्रॅम ते करंट आल्याक्षणी निमूटपणे चालवू लागतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

नावाची एक गंमत मराठी घरातच होऊ शकते. ‘पाय गेला’, ‘पाय लटकलाय’, ‘नवीन पाय मागवलाय’ ही वाक्ये फोनवर ऐकून गावाकडून काळजीचे फोन आल्याचे किस्से छंदी मंडळी हमखास सांगतात. घरात त्यामुळे ‘बोर्ड’ किंवा ‘डबी’ हाच शब्द रुळतो.

पाणी : बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरचे राकसकोप आणि घटप्रभेवरचे हिडकल या दोन जलाशयांतून पाणी येते. २००८ मध्ये शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. उरलेल्या भागांत ठराविक दिवसांआड आणि अनेकदा अवेळी पाणी सोडण्याची पद्धत राहिली. त्यामुळे घराच्या अंगणात जमिनीखाली सम्प (पाण्याचा हौद), गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी आणि दोन्हींच्या मध्ये एक मोटर, ही रचना सार्वत्रिक झाली. नळाचे पाणी सम्पमध्ये घ्यायचे, मोटरने वर चढवायचे. यातले सगळे अवघड काम ‘पाणी आलंय’ हे कळण्याचे. त्यावर जुना उपाय साधा होता: रात्री नळ उघडा ठेवायचा आणि खाली पत्र्याची बादली पालथी घालायची. पाणी पडले की बादली वाजते आणि कुणीतरी उठते.

बोर्डाचे काम या बादलीपासून सुरू होते. नळाच्या अर्ध्या इंची पाइपात प्रवाह मोजणारा सेन्सर बसवतात. आत छोटे चाक असते, त्यात लोहचुंबक; एक लिटर पाणी गेले की साधारण ४५० ठोके मिळतात. बोर्ड हे ठोके मोजतो आणि घंटी वाजवतो. कागदावर हे दहा मिनिटांचे काम. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात हमखास फसगत होते, कारण रिकाम्या पाइपातून पाण्याच्या आधी हवा येते आणि ते चाक हवेनेही गरगर फिरते. पहाटे अडीचला घंटी, सगळे घर जागे, आणि नळातून नुसता फुस्स आवाज. मग प्रोग्रॅममध्ये अट घालतात: ठोके सलग वीस-तीस सेकंद आले पाहिजेत आणि जोडीला पाइपाच्या तोंडाशी ठेवलेल्या दोन तारा पाण्याने एकमेकींना जोडल्या गेल्या पाहिजेत. या तारा तांब्याच्या असतील आणि त्यांत सतत वीज खेळत असेल तर थोड्याच आठवड्यांत एक तार खाऊन जाते. विद्युत-विघटन आपले काम करतेच. तार स्टेनलेस स्टीलची घ्यावी आणि मोजण्यापुरताच क्षणभर प्रवाह सोडावा, हे बहुतेकांना दुसरी तार खाल्ल्यावर कळते.

घंटीऐवजी आवाज ठेवण्याची पद्धत आवडती. ई-स्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या मुक्त प्रणालीला मराठी आणि कन्नड दोन्ही येतात, पण तिचा आवाज घशात खडे घातल्यासारखा येतो. म्हणून घरातल्याच कुणाचा तरी आवाज फोनवर रेकॉर्ड करून घालतात. प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेल्या एका घरी आईच्या आवाजात “अरे उठ, पाणी आलंय बघ, मोटर लाव” असे तीनदा होते आणि लगेच खालच्या भाडेकरूंसाठी मुलाच्या आवाजात “नीरु बंतु”. आईंना स्वतःचाच आवाज पहाटे ऐकून दचकायला होई, एवढीच तक्रार होती.

टाकीतली पातळी मोजायला ध्वनिलहरींचा एचसी-एसआर०४ सेन्सर झाकणाला आतून बसवतात. तो आवाजाचा ठोका खाली सोडतो आणि पाण्यावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडतो. जाऊन-येऊन दर सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. सेन्सरचे उत्तर ५ व्होल्टचे आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे मध्ये १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर घालून व्होल्ट उतरवावे लागतात. ते विसरल्याने पिन गेलेले बोर्ड पुष्कळ. थंडीत झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो, सेन्सरवर थेंब साचतात आणि टाकी एकाएकी ‘भरली’ असे दिसू लागते. जलरोधक सेन्सर घेतला तर ही कटकट जाते, पण त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतले दिसत नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरत आलेली कळत नाही. यावर सेन्सर पाइपाच्या तुकड्यावर उंच उचलून बसवणे हा उपाय. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधून त्याला फ्लँज (जोडायची कडी) करून आणणाऱ्यांना त्यात विशेष आनंद असतो.

मोटर आपोआप लावायची की नाही, यावर दोन तट आहेत. बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या विजेच्या स्विचवर) १० अँपिअर लिहिलेले असते आणि १ एचपीची मोटर चालताना त्याहून कमी घेते, म्हणून ती थेट जोडण्याचा मोह होतो. पण सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. काही महिन्यांत रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात आणि प्रोग्रॅमने कितीही ‘बंद’ म्हटले तरी मोटर चालूच राहते: सम्प कोरडा, मोटर गरम. रिलेने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा करंट पेलणारा स्विच) ओढायचा आणि मोटर कॉन्टॅक्टरवर चालवायची, ही कुठल्याही मोटर-वाइंडरला ठाऊक असलेली रीतच बरोबर. दुसरा खड्डा लपलेला आहे. अनेक रिले बोर्ड पिनेवर शून्य व्होल्ट आले की चालू होतात, आणि रास्पबेरी पायच्या ९ ते २७ क्रमांकांच्या जीपीआयओ (उपकरणे जोडायच्या) पिना सुरुवातीला खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडेच ओढलेल्या असतात. करंट जाऊन आला की प्रोग्रॅम जागा होण्याआधीच रिले टक्कन वाजण्याचा धोका राहतो. ० ते ८ या पिना सुरुवातीला वर ओढलेल्या असल्यामुळे त्यांतली मोकळी पिन घेतली की हा प्रश्न मिटतो. नोंदकाराच्या मते मोटर लावण्याचे काम माणसाकडे ठेवावे आणि बोर्डाने हाक मारावी, एवढे पुरे.

करंट : पावसाळ्याच्या तोंडावरच्या वळवात झाडाची फांदी तारेवर पडली की दिवसातून चारदा करंट जातो. लॅपटॉपला बॅटरी असते, बोर्डाला नसते. त्यावरची सगळी प्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते आणि त्यावर लिहिणे चालू असताना वीज तुटली तर कार्डावरची नोंद अर्धवट राहते. असे काही वेळा झाले की बोर्ड सुरूच होत नाही. नवशिके कार्डाला शिव्या देतात आणि दुसरे आणतात. टिकणारा उपाय म्हणजे कार्ड फक्त वाचण्यापुरते ठेवणे. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम नावाची सोय आहे, ती चालू केली की सगळे लिहिणे तात्पुरत्या मेमरीत होते आणि कार्डाला धक्का लागत नाही. नोंदी टिकवायच्या असतील तर त्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवाव्या लागतात.

घरात इन्व्हर्टर असूनही बोर्ड रीस्टार्ट होतो, ही नेहमीची तक्रार. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचे बटण असते. ते साध्या मोडवर असेल तर करंट गेल्यावर बॅटरीवर यायला लागणारा क्षण पंख्याला कळत नाही, बोर्डाला कळतो. त्याहून चोरटा दोष बारीक चार्जर वायरचा. गच्चीपर्यंत लांबवलेल्या पातळ वायरीत व्होल्ट गळतात, ते ४.६३ च्या खाली गेले की पडद्यावर विजेचे छोटे चिन्ह येते. पण गच्चीवरच्या बोर्डाला पडदा नसतोच, त्यामुळे ते कुणी बघत नाही.

आणखी एक प्रकार मजेशीर. पाचव्या पिढीपूर्वीच्या रास्पबेरी पायवर घड्याळच नाही. शेवटची जी वेळ त्याने नोंदून ठेवली होती तीच धरून तो उठतो आणि इंटरनेट मिळाले की वेळ दुरुस्त करतो. करंट आल्यावर राउटर जागा व्हायच्या आत नळाला पाणी आले, तर बोर्डाच्या नोंदवहीत वेळ भलतीच. पाणी किती वाजता येते याचा महिनाभराचा तक्ता काढू पाहणाऱ्याला गुरुवारचे पाणी बुधवारी आलेले दिसते. डीएस३२३१ हे नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे घड्याळ लावले की भागते. ईएसपी३२ ला मेमरी कार्ड बिघडण्याची वर सांगितलेली भानगड नाही. टाकीच्या कामात तो रास्पबेरी पायची जागा घेत चालला आहे याचे कारण किमतीइतकेच हे आहे.

अक्षरे : स्वस्तातला निळा दोन ओळींचा एलसीडी इंग्रजी अक्षरे जाणतो, देवनागरी नाही. त्याच्यात आपण आखलेली फक्त आठ अक्षरे साठवता येतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांचे. चौकटीच्या वहीवर ठिपके भरून ‘पाणी’ काढायला बसले की ‘प’ जमतो, ‘ण’ कसाबसा जमतो, पण दोन घरांच्या मध्ये काचेवरच फट असते आणि शिरोरेषा तुटते ती तुटतेच. कन्नड अक्षरांना अशी सलग रेघ नसल्याने ती फट त्यांना बाधत नाही. मात्र त्यांची वळणे ५ ठिपक्यांत मावत नाहीत. १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या ओलेड पडद्यावर चित्र म्हणून मजकूर काढता येतो. तिथे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, चित्रे काढणाऱ्या पिलो लायब्ररीला अक्षरजुळणीची राक्म ही जोड नसेल तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन पडतो आणि ‘शिल्लक’ वाचता वाचेना होते. टेसरॅक्ट ही अक्षर ओळखणारी प्रणाली मराठी-कन्नड दोन्ही वाचते. कन्नड न येणाऱ्या आजी-आजोबांना त्या भाषेतले बिल कॅमेऱ्यापुढे धरून वाचून दाखवायचा प्रयोग तिच्यावर करता येतो. मोबाइल हेच काम आता जास्त चांगले करतो, हे मान्य करावे लागेल.

शहराबाहेर : खानापूर तालुका सह्याद्रीला टेकलेला, मलप्रभा तिथल्याच कणकुंबीत उगम पावते, पूर्वेला अथणीकडे जावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो. त्यामुळे घरचे पर्जन्यमापक हा खानापूरकडचा आवडता खेळ. तराजूसारख्या दोन चिमुकल्या कपांपैकी एक भरला की कलंडतो आणि एक ठोका पडतो, बहुतेक मापकांत सुमारे ०.२८ मिलिमीटरचा. धुवाधार पावसात कप कलंडायच्या वेळातही पाणी पडतच असते, म्हणून माप थोडे कमीच येते. त्याहून मोठा शत्रू म्हणजे नरसाळ्यात घर करणारे कोळी आणि फणसाचे पान. निपाणी-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात प्रयोगांचे तोंड शेतीपंपाकडे असते. थ्री-फेज करंट ठराविक तासच, तोही कधी रात्री. फेज आल्याचा मिस्ड कॉल देणारी जुळणी तिथे मोलाची. मात्र तयार मोबाइल स्टार्टर दुकानात मिळू लागल्यापासून ती स्वतः जोडणारे हौशीच उरले.

सुटे भाग आणि माणसे : बेळगावात उद्यमबागेत इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून शहराजवळच आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घेतलेले बोर्ड, ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग जोडायची भोकांची पट्टी) आणि जंपर वायरींचे जुडगे परीक्षा संपली की मित्रांत अर्ध्या किमतीत फिरतात. २०२१-२२ च्या चिप टंचाईत नवे रास्पबेरी पाय मिळेनासे झाले तेव्हा या जुन्या मालाला एकदम भाव आला. गणपतीच्या आधी महिनाभर गल्लीतले छंदी लोक घरच्या टाकीकडे बघत नाहीत. मंडळाच्या हलत्या देखाव्यात कुठला दिवा कधी लागायचा आणि राक्षसाची मान कधी वळायची, हे त्यांच्या रिलेंवर ठरत असते. विसर्जनानंतर ते रिले परत गच्चीवर येतात, बहुधा दोन-चार कमी होऊन.