पेजेसोबत वाहून जातं ते

रोवणीत भिजून तापानं पडलेले आमच्या शेजारचे बुवा परवा सकाळीच दारात येऊन उभे राहिले. "मास्तर, मले कावीळ त नाही झाली? लघवी हळदीसारखी पिवळी येऊन रायली."

कावीळ नव्हती. ताप उतरल्यावर अशक्तपणासाठी त्यांनी मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्सची पट्टी आणली होती. त्यातलं बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, मुळातच पिवळंजर्द असतं. शरीरानं लागेल तेवढं ठेवून घेतलं, उरलेलं मूत्रपिंडांनी काही तासांतच बाहेर काढलं. बुवांना ते पटलं, पण पैशाचं वाईट वाटलं.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तेला-तुपात विरघळतात. ती यकृतात नि चरबीत साठून राहतात, कणगीतल्या धानासारखी. ब गटातली आठ आणि क जीवनसत्त्व मात्र पाण्यात विरघळणारी. ही रोजंदारीवरची. बी-१, म्हणजे थायमिन, खाण्यातून बंद झालं तर अंगातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. (ब गटात आठच, तरी आकडे बारापर्यंत जातात. मधली काही नावं पुढं जीवनसत्त्वं ठरलीच नाहीत, म्हणून गळली.)

ताकद यांच्यात नसते. ती भाकरीत, भातात, वरणात. पण जातं आहे, दाणे आहेत आणि खुंटाच नाही, तर पीठ कसं पडणार? ब जीवनसत्त्वं म्हणजे तो खुंटा. पेशीतली विकरं (एन्झाइम) अन्नातून ऊर्जा काढतात, ती यांच्याच मदतीनं.

आमच्या भंडारा-गोंदियाकडं भाताचं राज्य, म्हणून थोडं भातावर. बी-१ असतं ते तांदळाच्या कोंड्यात आणि अंकुरात. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो तेव्हा बहुतेक तिथंच राहतं. उरलंसुरलं तीन पाण्यानं धुताना जातं, त्यातून वाचलेलं पेजेत उतरतं. पूर्वी ती पेज मीठ घालून घरचे प्यायचे. आता कित्येक घरी ती गोठ्यातल्या घमेल्यात जाते. म्हणजे जीवनसत्त्व गाईला नि चोथा आपल्याला!

याचा छडा कोंबड्यांमुळं लागला. 1890च्या दशकात जावा बेटावर आयकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा, म्हणजे पाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा, जंतू शोधत होते. त्यांच्या कोंबड्या काही दिवस लष्करी दवाखान्यातल्या उरलेल्या पांढऱ्या भातावर होत्या. त्या लंगडू लागल्या. खाणं बदलून बिनसडीचा तांदूळ दिला, तर बऱ्या झाल्या. आयकमन यांना आधी वाटलं, पांढऱ्या भातात विष असावं. विष नव्हतं, काहीतरी (म्हणजे हेच बी-१) कमी होतं, हे त्यांच्यामागून आलेल्या ग्रेन्स यांनी 1901मध्ये मांडलं. आयकमन यांना 1929मध्ये नोबेल मिळालं.

गंमत अशी की, जे पाणी जीवनसत्त्व पळवतं तेच ते वाचवतंही. उसना तांदूळ कसा होतो? धान भिजवायचं, टरफलासकट वाफवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. भिजताना-वाफवताना कोंड्यातलं बी-१ पाण्यात विरघळून दाण्याच्या आत शिरतं. नंतर कोंडा गेला तरी बरंचसं आतच राहतं. रेशनचा उसना पाहून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पश्चिमेकडं, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात दुखणं वेगळं. पाणी असं की डाळ शिजता शिजत नाही, मग पडते सोड्याची चिमूट. डाळ मऊ होते खरी, पण सोड्यानं बी-१ नासतं. डाळ रात्रभर भिजत घालून कुकरला लावलेली बरी. अंबाडी, तरोटा, चिवळ या भाज्या आधी धुवाव्यात, मग चिराव्यात. चिरून धुतल्या तर क आणि ब गटातलंच फोलेट दोन्ही मोरीत जातात.

क तर फारच नाजूक. उष्णता, हवा, पाणी, काहीच सोसत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 65 ते 80 मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे मध्यम आकाराची दोन संत्री झाली. संत्र्यांचा भाव चढला तर बांधावरचा आवळा आहेच, त्यात क कितीतरी पट जास्त. ताटातल्या वरणावर लिंबू पिळलं की डाळीतलं लोहही अंगी जास्त लागतं. पण पिळायचं ते जेवायला बसल्यावर. वरणासोबत उकळलं तर फक्त आंबटपणा उरतो.

या सगळ्यांत एकटं बी-१२ वेगळं. पाण्यात विरघळतं, तरी यकृतात वर्षानुवर्षं साठून राहतं. ते भाजी-धान्यात नसतं. मांस, मासळी, अंडी, दूध यांतच मिळतं. बुवांनी माळ घातली त्याला दहा-बारा वर्षं झाली आणि चहासुद्धा ते काळाच घेतात. जाता जाता म्हणाले, "पायाले मुंग्या येऊन रायल्या, वयच झालं आता." मी त्यांना रोज वाटीभर दही खायला सांगितलं आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला नेऊन रक्तातलं बी-१२ तपासायचं ठरवलं.