दांडीवरचं वजन: ट्रेलर ओढण्यामागची शंभर वर्षं

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं की चौकटीवर एक छोटा स्टिकर दिसतो. प्रवासी आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन नको, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. जाहिरातीतला आकडा वेगळाच असतो: हा ट्रक 11,000 पौंड ओढतो. नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेणारी कुटुंबं जाहिरातीतल्या आकड्यावर भरवसा ठेवून निघतात आणि स्टिकरवरच्या आकड्याला अडतात. इथली आपली मराठी मंडळीही त्यात आली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बैलगाडी भरताना आपल्याकडे दोन शब्द हमखास कानावर यायचे. ओझं मागे जास्त झालं की गाडी 'उलाळ' होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झालं तर गाडी 'धुरजड', सगळा भार मानेवर. ट्रेलरचं गणित नेमकं हेच आहे, फरक वेगाचा. उलाळ बैलगाडी जागच्या जागी कळते. उलाळ ट्रेलर ताशी 60 मैलांवर झोले खायला लागल्यावर कळतो. वेग वाढेल तसे हे झोले आपोआप शमेनासे होतात आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा येतो. म्हणून अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे हिचच्या (गाडीमागच्या जोडाच्या) गोळ्यावर, असावा असं सांगतात. युरोपात हे प्रमाण याहून बरंच कमी चालतं, पण तिथे वेगमर्यादाही कमी असते. जर्मनीत कॅरव्हान (तिकडचा ट्रॅव्हल ट्रेलर) ओढताना एरवी ताशी 80 किलोमीटर, आणि खास परवानगी असेल तर 100.

सुरुवातीच्या काळात लोक हे ठेचा खातच शिकले. डेट्रॉईटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शेरमन यांनी 1929 मध्ये घरच्यांसाठी एक ट्रेलर बांधून घेतला. त्यातून उभी राहिलेली त्यांची 'कव्हर्ड वॅगन' कंपनी 1936 पर्यंत देशातली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली होती. त्या काळी हे ट्रेलर साध्या मोटारीमागे बांधले जात. जोड मोटारीच्या अगदी शेपटाला, मागच्या चाकांपासून चांगला तीन-चार फूट मागे. ट्रेलर जरा बाजूला सरकला की तेवढ्या लांबीची तरफ मोटारीचं ढुंगण ढकलायला त्याला आयतीच मिळायची.

ही खोड ओळखणाऱ्यांत विमानांमुळे नाव झालेले ग्लेन कर्टिस होते. 1920 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 'एरोकार' काढली. तिचा सांधा त्यांनी मोटारीच्या शेपटाऐवजी आत, मागच्या चाकांजवळ घेतला, आणि धक्के शोषायला तिथे हवा भरलेलं चाक आडवं बसवलं. तरफच उरली नाही, तर ढकलणार कशाने? आज पिकअपच्या हौद्यात बसणारा 'फिफ्थ व्हील' प्रकारचा मोठा ट्रेलर सरळ चालतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. कर्टिस 1930 मध्ये गेले. मला तरी या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी सूझ त्यांचीच वाटते.

बाकीच्यांना शेपटाचा सांधा घेऊनच पुढे जायचं होतं. दांडीवर 600-700 पौंड पडले की मोटारीचे मागचे पाटे दबत, दिवे आभाळाकडे बघत आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात पोकळ लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर यावर वजन वाटणारी हिच आली. दोन पोलादी दांडे हिचपासून ट्रेलरच्या चौकटीखाली जातात आणि साखळीने वर ताणून अडकवतात. दोन दांड्यांची हातगाडी उचलल्यासारखाच हा प्रकार: मागून उचल मिळते आणि मागच्या चाकांवर साचलेला भार काही अंशी पुढच्या चाकांवर व काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. त्यामुळे दांडीवरचं वजन नाहीसं होत नाही, ते फक्त वाटलं जातं. हा फरक विसरणारे फार.

याच काळात एअरस्ट्रीम या ट्रेलर कंपनीचे वॉली बायम ट्रेलरांचे तांडे घेऊन लांब लांब निघू लागले. 1951 मध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिका, 1959 मध्ये थेट केप टाउन ते कैरो.

ब्रेकची गोष्ट त्याआधीची. 1927 मध्ये सुरू झालेल्या वॉर्नर कंपनीने विजेवर चालणारे ब्रेक ट्रेलरच्या चाकांत आणले. वीज मिळाली की चाकातला चुंबक फिरत्या ड्रमला चिकटतो आणि त्याच्याबरोबर ओढला जाऊन ब्रेक लावतो. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन उतारावरून येणारा ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे, त्याला याचं मोल सांगायला नको. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ओझं मागून ढकलतं आणि ट्रॅक्टर एकट्याने ते पेलतो. इथे ट्रेलरचे ब्रेक ड्रायव्हरच्या हाताशी वेगळे असतात, कंट्रोलर नावाच्या डबीवर. झोले सुरू झाले तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग स्थिर धरायचं आणि कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरला ब्रेक लावायचा, म्हणजे तो मागे ताणला जाऊन सरळ होतो. कितीतरी वर्षं हा कंट्रोलर म्हणजे डॅशबोर्डखाली स्क्रूने बसवलेली डबी होती. 2005 च्या फोर्ड सुपर ड्यूटीत तो कारखान्यातूनच बसून आला.

मोटारीची जागा पिकअपने घेतली ती 1970 च्या दशकात. तेलाच्या टंचाईनंतर 1975 मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला, 1977 पासून मोठ्या मोटारी आखूड व हलक्या झाल्या. जड ट्रेलर ओढायला ट्रकच उरले. मग कोण जास्त ओढतो याची चढाओढ लागली, आणि प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवर स्वतःचा आकडा ठरवू लागली.

ही मोकळीक 2008 मध्ये वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने 'जे 2807' हे मानक काढून आवळली. त्यातली घाटाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या रस्त्यावर बेतलेली आहे. सुमारे 12 मैलांचा चढ, उन्हाळ्याची भट्टी, एसी पूर्ण सुरू, आणि तरी नेहमीच्या पिकअपचा वेग ताशी 40 मैलांखाली जाता कामा नये. शिवाय 12 टक्के चढावर थांबून पुन्हा निघणं आणि झोले किती लवकर शमतात तेही तपासतात. 2011 च्या मॉडेलांना हे मानक पहिल्यांदा टोयोटाने लावलं आणि स्वतःचे आकडे खाली आणले. बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत आल्या.

तरीही स्टिकरचं गणित आपल्यालाच करावं लागतं. समजा, स्टिकरवर 1,500 पौंड आहेत आणि भरलेला ट्रेलर 7,000 पौंडांचा. दांडीवरचा भार ट्रकवरच पडतो, म्हणून तो स्टिकरच्या आकड्यातून वजा करायचा: 13 टक्के धरले तर 910 पौंड, हिच 90. उरले 500. आई-वडील आणि दोन मुलं 480. जाहिरातीतल्या 11,000 पौंडांपासून आपण फार लांब आहोत आणि ट्रक मात्र भरला. चाचणीत गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची.

माझ्या पहिल्या सहलीआधी मी हायवेवरच्या ट्रक थांब्यावर वजन केलं. एकदा ट्रेलरसकट, एकदा सोडून. चिठ्ठ्यांवरून हिशेब मांडला तर दांडीवर जेमतेम 8 टक्के. पाण्याची टाकी ट्रेलरच्या मागच्या बाजूला होती आणि मी ती घरूनच काठोकाठ भरली होती, वर मागच्या बंपरला दोन सायकली. चक्क उलाळ! तिथेच बाजूला घेऊन 40 गॅलन पाणी सोडून दिलं, सायकली ट्रकच्या हौद्यात टाकल्या आणि पुन्हा काट्यावर चढवलं. साडेअकरा टक्के. मग निघालो.