मणक्यातलं इंजेक्शन आणि एचआयव्ही
‘एचआयव्ही असलेल्या बाईला सिझेरियनसाठी मणक्यात भूल दिली, तर सुईबरोबर विषाणू मेंदूत जातो’ असं अजूनही ऐकू येतं. हे चूक आहे. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू आपणहून मज्जासंस्थेत पोहोचतो. तो सुईची वाट बघत बसत नाही.

मग सुईमुळे मणक्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका शून्य? तसंही नाही. मधुमेह, केमोथेरपी किंवा स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल तर तो वाढतो. पण जंतू येतात ते बहुतेकदा रुग्णाच्या कातडीवरून, नाहीतर (हे फारसं कुणी सांगत नाही) भूल देणाऱ्याच्याच तोंडातून. म्हणून मास्क हवाच. एपिड्युरलची नळी (मणक्यात ठेवून तिच्यातून भुलीचं औषध देत राहतात ती) बरेच दिवस ठेवली तर तिथे पू होण्याची शक्यता वाढते. स्पायनलमध्ये, म्हणजे मणक्यात एकदाच टोचून दिलेल्या भुलीत, ती फारच कमी. नंतर ताप, वाढती पाठदुखी किंवा पायांत अशक्तपणा जाणवला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.